आईची गाठ

आमच्या घरी साखरेचं पोतं असायचं. कसबा बावड्यातलं शेतकरी घर, वडील साखर कारखान्याचे सभासद. दिवाळीच्या आधी सभासदांची साखर घरी यायची आणि स्वयंपाकघरात धान्याच्या पिंपाशेजारी उभी राहायची. मला नवव्या वर्षी मधुमेह निघाला, टाइप वन, म्हणजे दिवसातून चार वेळा इन्सुलिन टोचायचं. तरी ते पोतं तिथून हललं नाही आणि मलाही त्याचं कधी काही वाटलं नाही. त्याच्यावर बसून मी पाढे पाठ केलेत.

भानगड सुरू झाली तेराव्या वर्षी. तेच जेवण, तेवढंच इन्सुलिन, आणि सकाळी मशीनवर शुगर तीनशेच्या वर. त्या वर्षी मी अशी सरसर वाढले की शाळेचा ड्रेस दोनदा शिवावा लागला. पाळीही सुरू झाली होती. पण हे सगळं एकत्र धरून कुणी पाहिलं नाही. आईने सरळ निकाल लावला.

"चोरून साखर खातीस तू. न्हायतर शुगर वाढंलच कशी?"

"मी न्हाय खाल्ली."

"मग काय मशीन खोटं बोलतंय व्हय?"

चहासाखरेचा डबा तिने कपाटात कुलपात टाकला. पोत्याचं तोंड सुतळीने आवळून वर स्वतःची गाठ मारली, वैरणीच्या भाऱ्याला मारायची ती. तशी गाठ आमच्या गल्लीत दुसऱ्या कुणाला जमायची नाही. रोज सकाळी ती आधी गाठ बघायची, मग माझं बोट टोचायची. गाठ जशीच्या तशी आणि शुगर तीनशे वीस. आता कुणीही म्हणेल, पोरगी खरं बोलतेय. आई म्हणाली, "माझी गाठ मारायला शिकलीस व्हय गं!"

मला भयंकर राग आला. रडलेही, पण राग जास्त होता. शुगरचे आकडे मी वहीत रोज लिहायचेच, आता पाळीच्या दिवसांभोवती लाल पेनाने गोल करायला लागले. तीन महिन्यांत चित्र दिसलं. आकडे एरवीही चढेच होते, पण पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस कहर. पाळी आली की ते खाली यायचे. साखर चोरणारी काय कॅलेंडर बघून चोरते?

तपासणीच्या दिवशी दवाखान्यात मी वही उघडायच्या आत आई बोलून मोकळी झाली, "म्याडम, ही चोरून साखर खाती."

डॉक्टरबाईंनी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. मग म्हणाल्या, "मुलगी वयात येतेय. या वयात शरीरातली हार्मोन्स वाढतात, मग तेवढ्याच इन्सुलिनचं काम भागत नाही. पाळीच्या आधी तर आणखी कमी पडतं. हिचं काही चुकलेलं नाही, डोस कमी पडतोय."

त्यांनी डोस वाढवला. पाळीआधी आणखी किती घ्यायचा आणि नंतर परत किती कमी करायचा, ते कागदावर लिहून दिलं. कागद त्यांनी आईच्या नाही, माझ्या हातात दिला. मी खुर्चीत ताठ बसले.

"म्हंजी हिनं खाल्ली न्हवती?" आईने विचारलं.

"नाही."

आम्ही घरी आलो. माफी मागणं आमच्या घरात कुणाला येत नाही, मलाही नाही. चहाची वेळ झाली होती. वडील बाहेर सोप्यात येऊन बसले होते. आई पोत्यापाशी गेली आणि गाठ सोडायच्या भानगडीत न पडता विळ्याने सुतळीच कापली. मग कपाटातून डबा काढून माझ्या हातात दिला.

"भर. आनि च्यात साखर तूच घाल."

मी डबा भरला. आई माझ्याकडे पाठ करून भाकरीचं पीठ मळायला बसली. मी पातेल्यात तीन चमचे घातले. चौथा भरला आणि मुद्दाम हातात तसाच धरून थांबले.

तिने मागे वळून पाहिलं नाही.