विणकर आडनावाचा पाहुणा

आमच्या गल्लीत एकदा जर्मन माणूस जेवायला आला होता असं मी सांगतो तेव्हा लोक म्हणतात, तू फेकतोस. मी फेकतो हे खरंच आहे. पण जर्मन आला होता, हेही खरं आहे. उंचीत हवं तर थोडं कमी करून घ्या. आमच्या दारातून आत यायला तो कमरेतून असा वाकला, की बाहेर जमलेल्या बायांना वाटलं साहेब पायाच पडतोय. चार-सहा जणींनी त्याला आशीर्वाद देऊन टाकले.

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. मी सोलापुरातल्या एका गिरणीच्या हापिसात कारकून होतो. गिरणीत परदेशी यंत्रं आली आणि ती बसवायला त्यांच्याबरोबर एक फिटरसाहेब आला. नोकरीच्या मुलाखतीत मी "इंग्रजी फर्डं येतं" असं ठणकावून सांगितलं होतं, मराठीतून. त्यामुळे साहेबाचा दुभाष्या म्हणून मलाच जुंपलं. त्याचंही इंग्रजी माझ्याइतकंच दिव्य निघालं, म्हणून आम्हाला एकमेकांचं सगळं कळायचं.

त्याचं आडनाव वेबर. चहा पिताना मी अर्थ विचारला, तर त्यानं गिरणीतल्या मागाकडे बोट दाखवलं आणि बाण्याच्या दोऱ्याचा धोटा हवेत आडवा फेकल्यासारखा हात केला. वेबर म्हणजे विणकर.

हे मी घरी येऊन जेवताना सांगितलं. नायनाचा, म्हणजे आम्ही तेलुगू माणसं वडिलांना म्हणतो त्या नायनाचा, घास हातातच राहिला.

कारण घरात तेव्हा एकच विषय चालू होता, मागाचा खड्डा. आमच्या पुढच्या खोलीच्या बरोबर मध्ये हातमाग होता आणि त्याच्याखाली जमिनीत खणलेला खड्डा. नायना काठावर बसायचा, पाय खड्ड्यात सोडायचा, आणि तळाच्या लाकडी पट्ट्या उजवी-डावी दाबत लुगडी विणायचा. आमची घरं गल्लीत एकाला एक चिकटलेली, आणि घराघरात माग. दुपारी सगळे एकदम थांबले, तर त्या शांततेनं झोपलेली तान्ही पोरं दचकून उठायची. आता एकेका घरातून हातमाग उठत होता. थोरल्या भावालाही खड्डा बुजवून, वर फरशी टाकून दोन पावरलूम बसवायचे होते.

"नायना, तू दिवसभर पाय मारतोस तेव्हा कुठं लुगडं पुढं सरकतं. तेवढ्यात पावरलूम ठाणच्या ठाण काढतो की!"

"खड्डा हाय म्हणतोस व्हय? माझा बाप हितं बसला. त्याचा बाप हितं बसला. माती टाकायला ती काय उकिरड्याची जागा हाय?"

असं रोज. अम्मा दोघांच्या ताटांत सारखीच भाकरी वाढायची आणि कुणाचीच बाजू घ्यायची नाही.

तर त्या दिवशी नायना म्हणाला, "आडनावच विणकर? म्हंजे पिढ्यान्‌पिढ्या माग चालला असंल त्यांच्यात. आपल्यातलाच की मग!"

"जर्मन आहे तो, नायना," मी म्हणालो.

"मग? जर्मनीत काय लोक नागडी फिरतात? कापड लागतंच की."

आम्हाला तोवर जर्मन म्हणजे फक्त अम्माची पोचे पडलेली जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, पातेली माहीत. पण नायनाच्या डोक्यात एक गोष्ट बसली ती बसली. आमच्याकडे लोहाराचा लोहार आणि साळ्याचा साळी. नाव एक आणि धंदा दुसरा, हे त्याला ऐकूनही माहीत नव्हतं.

"घेऊन ये त्याला," तो म्हणाला. "मशीन बी त्याला कळतंय, हातमाग बी कळत असंल. बुजवा म्हणाला तर बुजवू. ऱ्हाऊ द्या म्हणाला तर परत त्यो विषय काढायचा न्हाय."

भाऊ लगेच कबूल झाला. बाहेर येऊन मला हळूच म्हणाला, "मशीन बसवणारा माणूस दुसरं काय सांगणार बे?"

रविवारी नायनानं माग पुसून काढला, हळदी-कुंकू लावलं, शेवंतीची माळ घातली. साहेब आला. त्यानं कडक भाकरी मोडली आणि शेंगांची चटणी मुरांबा समजून चमचाभर तोंडात टाकली. तो असा लाल झाला की आमच्या भिंतीवर उजेड पडला. नायनानं स्वतः तांब्या त्याच्या हातात दिला, पाठीवरून हात फिरवला आणि त्याला 'तम्मुडू' म्हणाला. म्हणजे धाकटा भाऊ.

मग नायना मागाकडे हात करून म्हणाला, "बसा."

नायनाच्या त्या जागेवर जावई कधी बसला नव्हता. आम्हा पोरांना, हातपाय धुऊन आल्याशिवाय, तिथं टेकायची सोय नव्हती.

साहेब बूट काढून बसला. पाय खड्ड्यात सोडले, तर गुडघे हनुवटीला आले आणि पोट समोरच्या लाकडात अडकलं. दारातली सगळी गर्दी हसली. नायना हसला नाही, वाट बघत राहिला. साहेबानं धोटा उचलला, उलटासुलटा करून बघितला आणि मला विचारलं, हा कुठल्या बाजूनं टाकायचा?

मी ते नायनाला सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही.

साहेबानं धोटा जपून खाली ठेवला. म्हणाला, मी असल्या मागावर कधी बसलो नाही. माझे वडील पोस्टमन. आजोबा पाव भाजायचे.

"त्याच्या आदी?" नायनानं विचारलं.

साहेब मग खड्ड्यात पाय सोडून तसाच बसला आणि समजावून सांगू लागला. त्यांच्याकडे कित्येक शतकांपूर्वी माणसाला एकच नाव असायचं. गावं वाढली, एकेका नावाची दहा-दहा माणसं झाली, तेव्हा ओळखायला धंदा जोडू लागले. लोखंड ठोकणारा तो श्मिट, दळणारा म्युलर, शिवणारा श्नायडर, विणणारा वेबर. उत्तरेकडे वेवरही म्हणतात. पुढं ते पोरांना, नातवंडांना चिकटलं. विणकर गावोगाव होते, म्हणून वेबरही गावोगाव झाले. देशात सगळ्यात जास्त दिसणाऱ्या आडनावांत ते पहिल्या काहींत बसतं. माझ्या गावात दगड मारला तर वेबरला लागेल, तो म्हणाला. दात काढणारा वेबर, खाटीक वेबर, ट्राम चालवणारा वेबर.

"आन् विणणारा?"

साहेब आठवत राहिला. "मला तरी भेटला नाही."

मी आयुष्यात पहिल्यांदाच पदरचं काही न घालता बोलणं इकडून तिकडे पोचवत होतो.

नायना मागाच्या खांबाला धरून उभा होता. म्हणाला, "त्याला विचार, त्यांच्यातला शेवटचा कोण उठला मागावरनं?"

मी विचारलं. साहेबानं खांदे वर केले. माहीत नाही.

"कुणालाच म्हाईत न्हाय? घरात कुणी सांगितलं न्हाय?"

"नाही." मग साहेब आपल्या भाषेत हळूच काहीतरी म्हणाला. मला शब्द कळले नाहीत, पण तो माफी मागत असावा.

साहेब गेल्यावर भाऊ म्हणाला, "नायना, खड्ड्याचं विचारायचं होतं ना?"

"विचारलं की," नायना म्हणाला. "सांगितलं त्यानं."

मागावर चढवलेलं लुगडं त्यानं पुरं केलं. घाई केली नाही आणि रेंगाळलाही नाही. मग माग खोलून लाकडं भिंतीला लावली. भावानं मुरूम आणला, पण नायनानं त्याला घमेल्याला हात लावू दिला नाही. एकेक घमेलं स्वतः ओतलं आणि वर उभा राहून मुरूम पायानं दाबला. उजवा, डावा. अम्मा चुलीपुढून उठलीच नाही.

पावरलूम आले. भावाला मी बोल लावत नाही. त्या पावरलूमवरच आमची घरं चालली, धाकट्या बहिणीचं लग्न झालं. पण नायनाला सपाट जमिनीवर बसता येईना. सगळा जन्म पाय खाली सोडून बसलेला माणूस, त्याला मांडीच घालता येत नव्हती. जेवायला तो एक पाय बाजूला काढून, आपल्याच घरात परक्यासारखा बसायचा. शेवटी त्यानं बाहेरचा कट्टा धरला. गटाराच्या अंगाला पाय सोडून बसायचा, आणि थोड्या वेळानं पाय आपोआप चालू व्हायचे. उजवा, डावा. गल्लीतली पोरं हसायची. मी त्यांना सांगायचो, सोलापूरचे डास एवढाले आहेत की लाथ मारल्याशिवाय हटत नाहीत.

एका दुपारी मी शेजारी बसलो होतो. आत भावाचे दोन्ही माग धडधडत होते. नायना समोर बघत म्हणाला, "आपल्या घरात हातमागावरनं शेवटचा कोण उठला, ते तुझ्या पोरास्नी सांगशील का रे?"

"सांगेन की, नायना."

"वाढवून सांगू नको."

म्हणून पुन्हा सांगतो. जर्मनाची उंची कमी करून घ्या, चटणीचा उजेडही काढून टाका. शेवटचा उठला तो माझा नायना, आणि त्याचे पाय चालत होते ते मी सांगितलं तसेच.