उरलेलं माप

माझा मोठा भाऊ अण्णा नोकरीसाठी नॉर्वेला गेला आणि वर्षभरातच त्याचे रविवारचे फोन विरळ झाले. आले तरी आईच बोलायची. शेवटी रिसीव्हर माझ्या हातात यायचा, मी "बरी आहे" म्हणायचे, तो "अभ्यास कर" म्हणायचा. माझं एम.ए. तेव्हा होऊन गेलं होतं. मेलमध्ये मात्र आम्हाला बोलता येई. दोघांची शाळा इंग्रजी. तोंडावर मराठीत जे निघत नसे ते इंग्रजीत लिहून होई.

एका हिवाळ्यात त्याने लिहिलं, मी टेलिमार्क शिकतोय. स्कीइंगचाच हा एक जुना प्रकार. यात बुटाचा फक्त पुढचा भाग स्कीला अडकवतात, टाच मोकळी राहते, आणि वळताना एक गुडघा जमिनीला टेकल्यासारखा वाकवायचा. सामान तो भाड्याने आणत होता. "नवीन घ्यायला परवडत नाही. नेटवर सवलतीत कुठे मिळतं का बघशील? तुला वेळ असतो."

वेळ होताच. नोकरीसाठी अर्ज टाकले होते, आणि मला बघायला येणारी माणसं चहा पिऊन जात होती. आई दुपारी आडवी झाली की मी फोनची वायर काढून कॉम्प्युटरला लावायचे. बाहेर हुबळीच्या नवनगरचा रस्ता उन्हाने पांढरा पडलेला, आणि स्क्रीनवर एकेक पट्टी उलगडत बर्फाचा डोंगर उतरायचा.

"हे चपलेसारखंच आहे," मी आईला समजावलं. "पुढं धरलेलं, मागं सुटं."

"मग चप्पल घालूनच घसरायचं की. त्याला एवढे पैसे कशाला?"

तिकडचा मोसम संपत आला की दुकानं भाव पाडतात, हे मला लवकरच कळलं. आधी स्की मिळाल्या, मग बूट अडकवायचं बाइंडिंग. प्रत्येक वस्तूमागे त्याचे पाच-सहा मेल यायचे. लांबी किती, जुनं मॉडेल चालेल का, तुला काय वाटतं. मला काय वाटतं, असं त्या दिवसांत दुसरं कुणी विचारत नव्हतं.

मग उरले बूट. त्यांचं माप सेंटिमीटरमध्ये. आई त्याला जुन्या हुबळीतून चपला करवून पाठवायची, त्यासाठी त्याचं पाऊल आखलेला कागद कपाटात होता. मी पट्टी लावली आणि लिहिलं, "साडेसत्तावीस ना?"

"बरोबर! तुला कसं कळलं?"

ते वाक्य मी बरेचदा वाचलं.

साडेसत्तावीस कुठेच शिल्लक नसायचं. सवलतीच्या पानावर तळाशी राहायचं ते तेवीस, सगळ्यांत स्वस्त, दर आठवड्याला आणखी उतरलेलं. एका दुपारी मी त्याच कागदावर, त्याच्या पावलाच्या आत माझं पाऊल ठेवलं, पेन्सिल फिरवली आणि पट्टी लावली. तेवीस.

शेवटी एका दुकानात त्याचे बूट सापडले. आता मागायला काही उरणार नाही, हे मला दिसत होतं. तरी लिंक लगेच पाठवली. जोड एकच होता.

पुढच्या हिवाळ्यात एक फोटो आला. तो उतारावर, एक गुडघा वाकलेला, मागची टाच उचललेली.

"पडलाय का रे देवा?" आई म्हणाली.

"वळतोय."

"असा नमस्कार घातल्यासारखा?" ती हसली, आणि पदराने स्क्रीन पुसून पुन्हा बघत बसली. फोटो कुणी काढला होता ते त्याने लिहिलं नव्हतं. मीही विचारलं नाही. त्यानंतर त्याचे मेल थांबले.

मला नेमाने लिहीत राहिलं ते दुकान. एप्रिलमध्ये त्यांचा मेल आला, मोसम संपल्याची सवलत. तळाशी तेवीस. मी तो अण्णाला पुढे पाठवला. वर लिहिलं, "हे अजून आहेत. अगदी स्वस्त झालेत." माझ्या मापाचं एक वाक्य त्याखाली दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं.

आठवड्याने उत्तर आलं. "हे कुणाचं माप? माझं साडेसत्तावीस, विसरलीस? आणि बूट आहेत आता."

आई आतून विचारत होती, अण्णाचं काही आलं का.

"आलंय," मी म्हणाले. "बरा आहे."

मग त्याला लिहिलं, "हो, चुकून पाठवलं," आणि फोनची वायर परत फोनला लावली.