शिंप्याचं तिसरं हँडल

साठीतला शिंपी लांबच्या प्रवासासाठी मोटरसायकलचं हँडल सारखं बदलतो, म्हणजे दूरगावी याची कुणीतरी आहे, अशी कुजबुज होती. गल्लीच्या जिभेला कुठलं हाड! बायकोही चिडवायची, "तिला माझा नमस्कार सांगा हो." शिंपी कसनुसा हसायचा. गाडीवरून लांबलांब भटकणं, एवढा एकच षोक त्याने आयुष्यभर केला होता.

पहिल्या हँडलने पाठ वाकवली, दुसऱ्याने मनगटं आखडली. तिसरं उंच आणि मागे वळलेलं आणलं. ते बसवण्याआधी मेकॅनिकने आपली नेहमीची रीत पाळली.

"काका, सीटवर बसा, डोळे मिटा आणि हात सहज पुढे करा. थांबतील तिथे हँडल."

शिंप्याने हात उचलले. ते छातीपर्यंतही न पोचता मांडीवर पडले.

"अहो, झोपलात की काय?"

शिंप्याने दात आवळून पुन्हा हात उचलले. पुन्हा मांडीवरच. मेकॅनिकचं हसू मावळलं. त्याने हँडल हळूच कागदात गुंडाळलं.

"मांडीवर कसं बसवू, काका?"

गाडी तिथेच सोडून शिंपी पायी घरी आला. बायकोने विचारलं, "काय, निघालात का तिच्याकडे?"

दूरगावी त्याचं कुणीही नव्हतं. शिवणयंत्रावर वाकून वाकून त्याचे खांदे निकामी झाले होते.