मागच्या अंगणातली घोडी

मास्तर शाळेतले नव्हते, मोटार शिकवणारे होते. उभा जन्म त्यांनी शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर, पाय जादा ब्रेकवर आणि जीव मुठीत धरून काढला. साहजिकच धंदा मुलीच्या हाती सोपवला त्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, की यापुढे इंजिन असलेल्या वस्तूचं तोंड पाहायचं नाही. घोडा पाळायचा.

"कुठे?" बायकोने विचारलं.

"घरी."

"ते कळलं. घरात कुठे? माझ्या कपाटाशेजारी?"

"मागे गं. मागे एवढी जागा पडलीय."

मागची 'एवढी जागा' म्हणजे स्वयंपाकघराचं दार आणि कुंपणाची भिंत यांच्यामधलं अंगण. तिथे शिकवणीच्या दोन भंगार गाड्या वर्षानुवर्षं गंजत उभ्या होत्या. मास्तरांचा हिशेब बिनतोड होता. दोन गाड्या मावतात, घोडा गाडीपेक्षा लहान, शिवाय त्याला दारं उघडायला जागा लागत नाही. एवढा अभ्यास झाल्यावर आणखी कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही.

गाड्या भंगारात गेल्या. मास्तरांनी माती खणून गवत पेरलं, रोज पाणी घातलं, आणि गवत घोट्याएवढं होताच एक तांबूस घोडी आणली. तिचा आधीचा मालक बग्गीवाला होता. बग्गी बंद पडली म्हणून त्याने घोडी विकायला काढली. निरोप देताना तो इतका खुश दिसत होता, की दुसऱ्या कुणाला संशय आला असता. मास्तरांना मात्र गहिवरून आलं.

"हिला चरायला जागा किती लागेल हो?" त्यांनी उशिरा का होईना, विचारलं.

"जेवढी द्याल तेवढी," असं म्हणून बग्गीवाला जो पसार झाला, तो परत दिसला नाही.

मास्तरांनी प्रेमाने पेरलेलं गवत घोडीने नाश्त्यासारखं संपवलं. मग मुळं उपटून खाल्ली. मग भिंतीवरून मान लांब करून शेजाऱ्याचा मोगरा तपासला. शेजारी भला माणूस होता. मोगऱ्यापर्यंत काही बोलला नाही, गुलाब गेल्यावर बोलला, आणि बरंच बोलला.

बायकोने घोडीचं नाव सवत ठेवलं. "या सवतीने माझी दोरीवरची साडी चघळलीय," ती खिडकीतून सांगायची.

"नवी आहे गं ती. रुळेल हळूहळू."

पण घोडी काही रुळेना. उलट तिच्या टापांखाली जमिनीचाच चिखल झाला. लीद पडायची तिथेच ती उभी राहायची, कारण उभं राहायला दुसरी जागाच नव्हती. एके दिवशी मास्तरांनी मोठ्या थाटात खोगीर चढवलं आणि स्वार झाले. घोडी जेमतेम निघाली तोच समोर भिंत आली. मास्तरांचा उजवा पाय सवयीने हवेत जोरात दाबला गेला. घोडी आपली आपणच थांबली. वळायला जागा नसल्याने मास्तर तिथेच उतरले. स्वारी पूर्ण झाली.

मग घोडी लंगडायला लागली. जनावरांची डॉक्टरीण आली, तिने खूर उचलून पाहिला आणि नाक मुरडलं.

"खूर कुजतायत. हिला कुठे चरायला सोडता?"

"इथेच."

"इथे?" तिने इकडेतिकडे बघितलं. बघायला फार वेळ लागला नाही. "काका, एका घोड्याला दीड-दोन एकर कुरण लागतं. त्यातलंही अर्धं आलटूनपालटून मोकळं ठेवायचं, म्हणजे गवताला दम घेता येतो. आणि घोडं एकटं ठेवत नाहीत, झुरतं ते. दुसरं आणलंत तर जागा दुप्पट."

"दोन एकरांत मी अख्ख्या गावाला गाडी शिकवली असती!"

"असेल. पण तुमच्या गाड्या जमीन खात नव्हत्या."

मास्तरांचा चेहरा पडला. डॉक्टरीण गेल्यावर ते चिखलात बसून घोडीचा खूर औषधाच्या पाण्याने धूत राहिले. घोडीने त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. बायको खिडकीत उभी होती. तिच्या जिभेवर चांगलं धारदार वाक्य तयार होतं, पण तिने ते गिळलं.

"अहो," ती म्हणाली, "नाक्यापलीकडच्या दूधवाल्या बाईंचं रान पडीक आहे ना? त्यांचा एक म्हातारा घोडाही आहे. विचारा तरी."

दूधवाल्या बाई फटकळ होत्या. घोडीच्या आधी त्यांनी मास्तरांनाच वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ठेवा हिला. पण लीद तुम्ही उचलायची, कुंपण तुम्ही दुरुस्त करायचं, आणि रोज यायचं. हौस म्हणून रविवारी येणारे नकोत मला."

घोडीला रानात सोडलं तेव्हा ती क्षणभर थबकली, जणू भिंत कुठे गेली ते शोधत होती. मग जी धावली, ती पार टोकाच्या झाडापर्यंत. म्हाताऱ्या घोड्याने मान वर करून खिंकाळत स्वागत केलं. मास्तरांकडे मात्र तिने वळूनही पाहिलं नाही. एवढ्या सेवेनंतर निदान एक नजर तरी टाकायची, असं त्यांना वाटून गेलं. मग त्यांनी नाक पुसलं आणि फावडं उचललं.

तेव्हापासून मास्तर उजाडताच जे जातात ते दिवेलागणीला घरी येतात. बायको मागच्या दारी निवांत पाय पसरून बसते. कुणी विचारलंच तर सांगते, "घोडी घरात ठेवायची ठरली होती. शेवटी नवराच रानात सोडावा लागला. तब्येत चांगली आहे दोघांची."