जात्यावरचा गंधार

स्वातंत्र्यानंतरची आठेक वर्षं मी धुळ्याच्या एका कॉलेजात स्वरज्ञान शिकवलं. पेटीची पट्टी दाबायची, मुलांनी स्वर ओळखायचा; मग लोकगीताची ओळ म्हणायची आणि तिचे स्वर त्यांनी लिहून काढायचे. वर्षानुवर्षं हेच. शेवटी शेवटी वर्गात शिरण्याआधीच कान दुखायला लागत. ओव्या शिकवतो म्हणून इतर प्राध्यापक मला 'दळणवाले सर' म्हणत. म्हणोत बापडे. भांडायला अंगात त्राण नव्हतं.

शिंदखेड्याकडची एक मुलगी वर्गात होती. कपाशी लावणाऱ्या घरातली, आईसमोर बसून जातं ओढत ओव्या शिकलेली. ती गायला लागली की मी पेटी बंद करून ऐकत बसायचो. पण तिचा गंधार पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये पडायचा. परीक्षेत स्वतःची ओवी म्हणून तिचे स्वर लिहायचे, आणि तिथे गंधार दोनच, कोमल आणि शुद्ध. ती कागद कोरा ठेवायची. म्हणायची, सर, हा दोन्हींतला नाही. खरंच नव्हता. मला ते कळत होतं, आणि तरी मी चुकीची खूण करत होतो.

ती नापास झाली. पुन्हा झाली तर शिक्षण बंद, लग्न उरकून टाकू, असं वडिलांनी बजावलं. मग मी हट्टाला पेटलो. रोज तासभर तिला पेटीसमोर बसवायचं, ओवीत गंधार आला की पट्टी दाबून धरायची, स्वर तिथे येईपर्यंत सोडायची नाही. सहा महिन्यांत तो बसला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मान डोलावली. ती पास झाली, पेढे मी वाटले.

त्या उन्हाळ्यात तिच्या वडिलांनी मला घरी जेवायला बोलावलं. गावात पिठाची गिरणी आली होती, तरी जातं होतं. जेवण झाल्यावर मीच आग्रह धरला की मायलेकींची ओवी ऐकू द्या. आईने लाजत जातं पुसलं. रिकामं जातं फिरवायचं नाही म्हणून दोन ओंजळी ज्वारी घेतली. एक ओळ आईची, पुढची लेकीची, अशी त्यांची रीत. आईने ओळ म्हटली. लेकीने पुढची उचलली, स्वच्छ, नेमकी, अगदी पेटीवरची. आईचा हात थांबला.

"तू हाई कोन्हा घरनं गानं म्हनी राहिनी, पोरी?"

हे कुणाच्या घरचं गाणं, असं आईनेच विचारल्यावर मुलीने पुन्हा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा ती जुना गंधार शोधायला गेली, तर आवाज खाली घसरला, मग वर गेला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिचा शिक्षक होतो, मला ठाऊक असणार असं तिला वाटलं. तो स्वर मला आईच्या गळ्यात ऐकू येत होता, पण मला तो काढता येत नव्हता. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नाही.

घेतलेली ज्वारी तशी सोडून उठता येत नाही. दोघींनी ती मुक्याने दळून संपवली.