मे महिन्याचा फोटो

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही. वीस वर्षं माझ्या दुकानात रोज चहाला येणाऱ्या मित्राला ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय, कारण आता आतल्या आत नुसता संताप होतो — आणि आधीच सांगून ठेवतो, मी शांतपणे सांगू शकणार नाही. मधेच कुणावर तरी घसरेन. घसरलो तर तेवढं सांभाळून घ्या.

आखाडा बाळापूरला माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी, आणि पोलिसांनी बोलावलं तर मयताचे फोटो — आमच्याकडच्या फोटोवाल्याला हे सगळंच करावं लागतं. पण मी स्वतःला समजायचो नदीचा फोटोग्राफर. नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराला एक सेकंडहँड कॅमेरा हाती लागला आणि कयाधूचं वेडच लागलं. दुकान भावावर टाकून सायकलनं निघायचो. काठावर एक काळा खडक होता. दर महिन्याला त्याच खडकावर उभं राहून तोच एक देखावा टिपायचा, असा माझा नेम. आषाढातली गढूळ, फुगलेली नदी. कार्तिकात काठच्या गवताला फुटलेले पांढरे तुरे. पौषात पाण्यावरून निघणारी वाफ. फाल्गुनात पेटलेला पळस. आणि वैशाखात नुसती वाळू, डोळ्याला टोचेल इतकी लख्ख, मधून पाण्याची करंगळीएवढी धार.

आणि या सगळ्यात माणूस नको. हा दुसरा नेम. धुणं धुणाऱ्या बाया नकोत, म्हशी नकोत, ट्रॅक्टर तर नकोच. माणूस आला की निसर्ग बिघडतो असं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, ते डोक्यात गच्च बसलेलं. किती नाकानं कांदे सोलायचो मी! ज्या नदीवर चार गावं जगतात तिथं हा दीडशहाणा खडकावर उभा राहून बायांना सांगणार — बाजूला व्हा, माझा फोटो बिघडतो.

त्या खडकासमोरच उतार होता. उतार म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा. पाणी असलं तरी गुडघ्याएवढंच. पलीकडच्या गावच्या बाया अलीकडच्या कापसात खुरपायला यायच्या, त्या याच उतारानं. गावाचं नाव लिहीत नाही. त्यांना अजून तिथंच राहायचंय.

त्यातली एक निर्मला. तिशीची, दोन लेकरांची आई, तोंडानं फटकळ. एकदा ती पाण्यात पाऊल टाकणार तोच मी तिला थांबवलं — जरा थांबा, उजेड चांगला आहे. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नदी काय तुमच्या नावावर हाय व्हय? काहून थांबावं आमी?" बाकीच्या बाया हसल्या. मीही हसलो. पण फोटो काढला तो ती पार झाल्यावरच.

आता ठेकेदाराविषयी सांगतो. त्याचंही नाव नको. हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, जो तो 'आपला जिल्हा, आपला जिल्हा' करत होता. त्या भरात या वाळूच्या ठेकेदारानं ठरवलं, कयाधूच्या बारा महिन्यांचं कॅलेंडर काढायचं. फोटो माझे, प्रत्येक पानाखाली माझं नाव. तुम्हाला काय सांगू, मी हवेत होतो. नदीतून रोज ट्रॉल्या भरून वाळू उपसणारा माणूस नदीचं कॅलेंडर काढतो — यात काही खटकायला नको होतं का? मला नाही खटकलं. गावात इतर कुणालाही नाही खटकलं. सगळे म्हणाले, वा, निसर्गाची आवड लागते अशा कामाला! आवड? ओरबाडायची आवड!

बघा, घसरलोच. ठेकेदाराला शिव्या घालणं सोपं आहे. गेली कित्येक वर्षं मनातल्या मनात तेच करत आलोय, म्हणजे माझ्यापर्यंत यावंच लागत नाही.

त्या वर्षीच्या मे महिन्यात बाकीचे अकरा फोटो जमले होते, एकच राहिला होता. सकाळीच खडकावर जाऊन बसलो. पाहतो तर उताराच्या अगदी वाटेवर ठेकेदाराची माणसं खणून राहिली होती. ठेक्याची जागा पार वरच्या अंगाला, पण इथली वाळू बारीक, स्वच्छ, आणि ट्रॅक्टरला वाट सोपी. म्हटलं, जातील आता, जातील मग. उन्हं वर आली तरी हलेनात. शेवटी वैतागून दोन फोटो काढून घेतले. त्यात उजव्या कोपऱ्यात ट्रॅक्टर आला, आणि तो खड्डा आला. खड्ड्यात एक माणूस उभा होता. त्याचं फक्त मुंडासं वर दिसत होतं.

म्हटलं, कोपरा कापून टाकू. रोल नांदेडला धुवायला गेला, परत आला, मी कोपरा कापला. उरली ती वाळू, ती पाण्याची धार आणि पलीकडे पिवळाधमक बहावा. त्या बारा फोटोंत तोच सगळ्यात देखणा. निगेटिव्हची पट्टी पाकिटात घातली आणि वर बॉलपेननं लिहिलं — मे, उतार.

तो खड्डा कुणी बुजवला नाही. आषाढात नदीला पाणी आलं. वरून दिसायला तोच उतार, तेच गुडघाभर गढूळ पाणी. पहिल्या पाण्यात बाया दुसरीकडून, पुलावरून लांबचा फेरा घेऊन जात होत्या. मग पाणी ओसरलं आणि त्या दिवशी, सकाळी पुलावरून आलेली निर्मला परतताना रोजच्या उतारानं निघाली. धाकट्याला ताप होता, म्हणून ती बाकीच्यांच्या आधी, दिवस मावळायच्या आत, एकटीच निघाली. हे तिच्याबरोबर खुरपणाऱ्या बायांनी नंतर सांगितलं. ती घरी पोचली नाही. त्या रात्री वरच्या बाजूला मोठा पाऊस झाला, नदी पुन्हा फुगली, आणि दुसऱ्या दिवशी दोन कोस खाली ती सापडली.

फोटो काढायला मला बोलावलं.

तिचे फोटो काढले, त्याबद्दल लिहीत नाही. नंतर जमादार उतारावर आला, सोबत गावातले दोन पंच. तिचा भाऊ मिलिंद — तिचं माहेरही त्याच गावातलं — सारखा सांगत होता की इथं खड्डा खणलेला होता. एका पंचानं बांबू घालून पाहिलं. रात्रीच्या पुरानं गाळ आणून खड्डा भरून टाकलेला. बांबू कुठंच खोल जाईना. ठेकेदाराचा मुकादम तिथंच उभा. म्हणाला, "उताराला आमी हातच लावला न्हाई. बराबर बघा, कुठं हाय खड्डा?" आणि तो माझ्याकडं बघत नव्हता, हेही सांगतो. माझ्यावर कुणी डोळे वटारले नाहीत. कुणी धमकावलं नाही, कुणी काही देऊ केलं नाही. तेवढं तरी झालं असतं तर आज मला धरायला काहीतरी असतं. मी फक्त कॅमेऱ्याचं झाकण लावलं.

मग कागदावर काय आलं? गुडघाभर पाणी, खड्डा नाही. आणि गुडघाभर पाण्यात जन्मापासून नदी ओलांडणारी बाई बुडते कशी? गावाला उत्तर लागतंच. सकाळी तिचं सासूशी भांडण झालं होतं, ते गल्लीनं ऐकलं होतं. झालं! निर्मलानं जीव दिला. तापानं फणफणलेलं लेकरू घरी टाकून जीव दिला! ज्या तोंडांना चार दिवसांपूर्वी तिच्या हातची भाकरी गोड लागली होती तीच तोंडं असलं बोलायला लागली. पारावर, पिठाच्या गिरणीत, माझ्या दुकानाच्या पायरीवर. मला त्यांची जीभ हासडावीशी वाटायची. काय अधिकार होता मला असं वाटायचा? खरं काय त्याचा पुरावा एकट्या माझ्याकडं होता, आणि मी पासपोर्ट फोटो कापत बसलो होतो.

पंधरा दिवसांनी तिची आई आली. कौसाबाई. पलीकडून चालत, पुलाच्या फेऱ्यानं, साठीची बाई. दुकानात गिऱ्हाईक होतं, तर ते जाईपर्यंत ती दाराशी उभी राहिली. मग म्हणाली, "दादा, माझी लेक सांगायची, फोटूवाला दर म्हयन्याला उतारावर येतो, आमाला थांबा म्हंतो. तुमच्याकडं उन्हाळ्यातला फोटू असंल ना? त्याच्यात खड्डा दिसंल."

मी म्हणालो, कोर्टात जायचंय का मावशी?

"न्हाई हो. कोर्ट काय करायचं आमाला. तिच्या लेकरायला दाखवायचंय. शाळंत पोरं म्हंतेत, तुमची माय तुमाला टाकून गेली. म्या म्हंते तशी न्हाई गेली. पण म्हातारीचं कोण ऐकतं? फोटू असला तर ऐकतील."

पाकीट माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं. हात मागे केला असता तर लागलं असतं. कॅलेंडर छपाईला जायचं होतं. ठेकेदाराला कळलं असतं तर कॅलेंडर गेलं असतं — एवढंच. जीव जाणार नव्हता, दुकान बंद पडणार नव्हतं. बारा पानांखालचं माझं नाव जाणार होतं.

मी म्हणालो, "मावशी, तो रोल धुताना खराब झाला. एकही फोटो आला नाही."

आणि ती बाई काय म्हणाली? म्हणाली, "असू द्या दादा. तुमचं बी नुकसानच झालं म्हणा की." माझी समजूत घातली तिनं! पदरानं तोंड पुसलं आणि उन्हात परत निघाली. तिला पाणीसुद्धा विचारलं नाही मी.

जानेवारीत कॅलेंडर आलं. हिंगोलीला हॉलमध्ये समारंभ, शाल, नारळ, भाषणं. एका पाहुण्यानं मला निसर्गाचा पुत्र म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी हात जोडून हसलो. घरोघरी, दुकानोदुकानी, कचेऱ्यांत कॅलेंडर लागलं. मे महिन्याचं पान सगळ्यांना आवडलं. काही जणांनी वर्ष संपल्यावर ते कापून, चौकट करून भिंतीला लावलं. 'किती स्वच्छ वाळू!' म्हणायचे. स्वच्छ! अरे, एकालाही विचारावंसं वाटलं नाही की भर मे महिन्यात नदीत एकही माणूस नाही, एकही ढोर नाही, हे कसं? जिवंत नदी अशी असते का कुठं?

पण त्यांनी का विचारावं? त्यांना काय माहीत होतं? परत दुसऱ्यांवर घसरलो.

ठेकेदार पाच-सहा वर्षांत हृदयविकारानं गेला. तेव्हा वाटलं, आता बोलता येईल. आता भीती कुणाची? कळलं ते असं, की भीती ठेकेदाराची नव्हतीच. कौसाबाईला सांगावं लागलं असतं की मी खोटं बोललो होतो. तेवढं तोंड मला नव्हतं. मग एका उन्हाळ्यात कौसाबाईही गेली. तिला शेवटपर्यंत माझा रोल खराब झाल्याचं वाईट वाटत असणार.

आणि एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ. दोन हजार नऊमध्ये मिलिंद दुकानात आला. निर्मलाची मोठी लेक एकोणीस वर्षांची झालेली, साखरपुड्याचे फोटो मला सांगितले होते. तो ऑर्डर रद्द करायला आला होता. मी विचारलं, काय झालं?

"राहू द्या दादा. त्यायनी मोडलं. म्हंतेत, जिची माय लेकरं टाकून जीव देती, तिच्या पोरीचा काय भरवसा."

कपाट तिथंच होतं. दुकान नवं केलं, कॅमेरे डिजिटल आले, पण कपाट तेच. मिलिंद समोर उभा होता. मी काय केलं? वाईट झालं म्हणालो. चहा मागवला. त्यानं घेतला नाही.

त्याच आठवड्यात निगेटिव्ह नांदेडला नेऊन मोठी प्रिंट काढून आणली. कोपरा न कापता. खड्डा दिसतो, ट्रॅक्टर दिसतो, मुंडासं दिसतं. तीनदा गाडीला किक मारली, एकदा तर त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. परत आलो. प्रिंट अजून माझ्याकडंच आहे, म्हणजे या घडीला, हे लिहितानाही, मी तोच माणूस आहे.

त्या दिवशी काठावर, जमादारासमोर, दोन पंचांसमोर, तिच्या भावासमोर जे बोलायला मला एक मिनिट पुरलं असतं, ते हे. मे महिन्यात उताराच्या वाटेवर पुरुषभर खोल खड्डा खणला होता. मी तो डोळ्यांनी पाहिला, त्याचा फोटो काढला. निर्मलानं जीव दिला नाही. लेकराला ताप होता आणि ती घाईनं घरी निघाली होती.