ठोकून पाहिलेली हेल्मेटं

इकडे उत्तरेत, आमच्या जानकीपुरमच्या सोसायटीच्या फाटकात एका रहिवाशाच्या मोटारीने पेपरवाल्याच्या सायकलला धडक दिली, आणि त्यानंतर सोसायटीने ठरवलं की सायकलवाल्यांनी हेल्मेट घालायचं. मोटारवाल्यांनी काय करायचं, हे ठरवायला बैठकीत वेळ उरला नाही. पेपरवाल्याचा खांदा निखळला होता, डोक्याला खरचटलंही नव्हतं. हे मी बोलून दाखवलं, तर सेक्रेटरी म्हणाले, भाभीजी, बात सेफ्टी की हो रही है. फाटकाशी एक गतिरोधक घाला म्हटलं, तर गाड्या खालून घासतात. बाहेरच्या रस्त्यावर सायकलींसाठी आखलेला पट्टा आहे, त्यावर आमच्याच लोकांच्या गाड्या उभ्या असतात, त्या हलवा म्हटलं, तर सगळ्यांना एकदम चहाची आठवण झाली. ज्यांना हेल्मेट घालायचं होतं त्या कामवाल्या बायका, दूधवाला, पेपरवाला, यांतलं कोणी बैठकीला नव्हतं. हजर असलेल्यांत सायकल चालवणारा एकच माणूस होता, आणि ठराव त्यानेच मांडला होता. ते आमचे शेजारी, शरद टेंभेकर.

टेंभेकर मूळचे वर्ध्याचे. रेल्वेत इंजिनिअर झाले, मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत उमेदीची सगळी वर्षं घालवली आणि निवृत्तीनंतर आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. डबे एकमेकांना जोडणाऱ्या आकड्यांवर वाजवीपेक्षा जास्त भार टाकायचा आणि ते टिकतात का बघायचं, हे त्यांचं काम. जो आकडा टिकेल त्याच्यावर शिक्का. काम त्यांनी चोख केलं असणार, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. घरी आल्यावरही ते थांबले नाहीत, याबद्दल आहे. कपडे वाळत घालायच्या दोरीला ते आधी स्वतः लोंबकळून पाहतात. नातीच्या झोपाळ्यावर नातीच्या आधी गव्हाचं पोतं बसलं होतं. माझ्याकडे चहाला आले की माझ्या लग्नातली खुर्ची हलवून, दाबून, मग तिच्यावर टेकतात. प्रतिमाताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मी एकदा विचारलं की लग्नाआधी तुम्हालाही असंच तपासलं होतं का. त्या म्हणाल्या, पत्रिका तीन ठिकाणी दाखवली होती.

तर सोसायटीने हेल्मेटं घाऊक आणली, आणि टेंभेकरांनी जाहीर केलं की टेस्ट झाल्याशिवाय एकही वाटलं जाणार नाही. पार्किंगमध्ये त्यांनी एक कप्पी टांगली. खाली लाकडाचा ओंडका, ओंडक्यावर हेल्मेट, आणि वरून दोरी सोडली की भाजीवाल्याकडचं पाच किलोचं वजन धाडकन त्यावर. हेल्मेट फुटलं नाही की त्यावर हिरवा गोल स्टिकर. आठवडाभर आमच्या दुपारच्या झोपेचं वाटोळं झालं. एकही हेल्मेट फुटलं नाही, त्यामुळे साहेब खूश. प्रत्येकाला ते स्टिकरवर बोट ठेवून सांगायचे, टेस्टेड है, बेफिक्र रहो. स्टिकरचं हेल्मेट नसेल तर सायकल आत सोडायची नाही, हेल्मेट डोक्यावर पाहिजे, हातात नको, असा हुकूम फाटकावरच्या मिश्राजींना मिळाला.

टेंभेकरांचं स्वतःचं हेल्मेट मात्र लेकीने जर्मनीहून पाठवलेलं होतं. त्यावर वजन पडलं नाही, थेट स्टिकरच लागला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, तिकडून टेस्ट होऊनच येतं ते. आमच्या रामरतीचं, म्हणजे माझ्याकडे पोळ्या करणाऱ्या बाईचं, हेल्मेटही कुठल्या तरी कारखान्यातून टेस्ट होऊनच आलं असणार, पण कारखाना जर्मनीत नव्हता.

नातीला तरी वेगळा नियम नव्हता. मुक्ता अकरा वर्षांची, सायकलने ट्यूशनला जाते. तिचं जांभळं हेल्मेट प्रतिमाताईंनी अलीगंजहून आणलं होतं. ते कुशीत धरून ती म्हणाली, "आजोबा, मेरा वाला मत ठोकना." आजोबा म्हणाले, नियम म्हणजे नियम, उद्या आणून दे. दुसऱ्या दिवशी त्या हेल्मेटवरही हिरवा स्टिकर दिसला. मुक्ता रडलेली दिसली नाही, याचं मला नवल वाटलं होतं.

मग ती पडली. सायकलच्या पट्ट्यात कुणाची तरी पांढरी गाडी उभी होती. तिला वळसा घालून मुक्ता मुख्य रस्त्यावर आली, मागून कर्कश हॉर्न वाजला, आणि बिचकून ती दुभाजकावर डोकं आपटून पडली. मी प्रतिमाताईंबरोबर दवाखान्यात गेले. टेंभेकर आधीच पोचले होते. डोक्याला काही झालं नव्हतं, कोपर सोलवटलं होतं. तरुण डॉक्टरने हेल्मेट उलटं करून आतला पांढरा थर्माकोल दाखवला. एका बाजूला तो चेपून चिरला होता. डॉक्टर हिंदीत समजावत होता की मार यानेच खाल्ला म्हणून पोरगी वाचली, आता हे फेकून द्या. हा थर एकदाच चेपतो, वरून धड दिसला तरी दुसऱ्या वेळी कामाचा नसतो.

टेंभेकरांनी अर्धंच ऐकलं. छाती पुढे काढून म्हणाले की हे मी स्वतः टेस्ट केलेलं आहे. कसं, असं डॉक्टरने विचारलं. त्यांनी कप्पी सांगितली, ओंडका सांगितला, वजन सांगितलं. डॉक्टर ते हेल्मेट पुन्हा उलटसुलट करून पाहू लागला.

"तिचं टेस्ट झालंच नव्हतं," प्रतिमाताई म्हणाल्या. "तुम्ही झोपला होतात तेव्हा मी नुसता स्टिकर लावला. पोरीची वस्तू ठोकून घ्यायची माझी छाती झाली नाही."

मला टेंभेकरांची कीव आली असती. पण परतताना रिक्षात ते काय म्हणाले, तर आता हे लोकांना सांगून उपयोग नाही, उगाच घबराट होईल, पुन्हा कोणी हेल्मेट घालणार नाही. त्यावर मी बोलले, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेंभेकर फेरी मारून सायकलवरून परतले तेव्हा प्रतिमाताई फाटकाबाहेर उभ्या होत्या. मी दुधासाठी आले होते. कामाला येणाऱ्या बायकांच्या सायकली एकामागे एक लागल्या होत्या, पुढे रामरती. प्रतिमाताईंनी नवऱ्याच्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि रामरतीच्या हातात दिलं. रामरतीचं घेऊन नवऱ्याच्या हातात दिलं.

"अहो, हे घाला आणि या आत," त्या म्हणाल्या.

टेंभेकरांनी ते हेल्मेट उलटं करून आत बोट फिरवलं. एका जागी बोट थांबलं. त्यांनी हेल्मेट हँडलला अडकवलं, सायकलवरून उतरले आणि ती हाताने ढकलत फाटकाकडे निघाले. मिश्राजी आडवे आले. हेल्मेट डोक्यावर नसेल तर सायकल आत नाही, साहेबांनीच लिहून लावलंय, असं त्यांनी अदबीने सांगितलं.

मागे सायकली वाढत होत्या. एक मोटार हॉर्न वाजवत बाजूने आत शिरली, तिला कोणी अडवलं नाही. टेंभेकरांनी हँडलवरचं हेल्मेट काढून हातात घेतलं, डोक्यापर्यंत नेलं आणि तिथून परत खाली आणलं.

"ये मत पहनो," ते रामरतीला म्हणाले. "टेस्टिंग में डैमेज हो गए हैं सब."

साऱ्या नोकरीत त्यांचं एवढ्यावर भागलं असणार. रामरतीला मात्र असल्या भाषेची सवय नव्हती.

"किसने किया साहब?"

टेंभेकरांनी आधी प्रतिमाताईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 

"मैंने," ते म्हणाले.

रामरतीने जर्मनीचं हेल्मेट डोक्यावर ठेवलं, हनुवटीखाली पट्टा लावला आणि सायकल आत घेतली. तिला पोळ्यांना उशीर होत होता.